त्याले काहून बाहीर नेलं?

(आपल्या विहाराच्या २५ व्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्यांच्या इच्छेनुसार बोलीतील शब्द तसेच ठेवले आहेत. – संपादक मंडळ)





मी काही विद्वान नाही. नववी नापास माणूस आहे. १९८९ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. ज्या दिवशी हजेरी मिळेल त्या दिवशी पगार, नाही तर घरी परत. पुढे कायम झालो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, भोंगा थांबला आणि आमचे हातही थांबले. जे काही थोडेबहुत शिकलो ते पाळीवरून आल्यावर रात्री कंदिलाजवळ आणि नंतर या विहाराच्या वाचनालयात शिकलो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचायला मला अख्खा पावसाळा लागला. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर आपल्या घरचा माणूस समजून पदरात घ्यावी.

समितीने मला ‘विहार आणि समाजसेवा’ असा विषय दिला. विषय मोठा आहे. पण मी त्यातला एकच कोपरा धरणार आहे. ज्या लेकरांना चालता येत नाही, बोलता येत नाही, ज्यांची बुद्धी वयाबरोबर वाढत नाही, अशी लेकरं सांभाळणारी जी निवासी घरं आहेत, त्यांना आपण काय देतो, कसं देतो आणि काहून द्यायचं, एवढंच बोलतो. हे बोलायचा मला अधिकार काय, असं कोणी विचारलं तर सांगतो. माझ्या घरातच असं लेकरू आहे. वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, पण स्टेजवरून मी हे आजपर्यंत कधी बोललो नाही. पंचवीस वर्षं जयंतीला भाषणं दिली, समतेवर बोललो, पण माझ्या स्वतःच्या पोराविषयी तोंड उघडलं नाही. आज उघडतो.

माझा धाकटा मुलगा १९९८ साली जन्मला. बाळंतपणात अडला. जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नाही. दवाखान्याचं नाव मी घेत नाही, दोष द्यायला आज उभा नाही. वर्ष झालं तरी मान धरेना, तीन वर्षं झाली तरी बसेना. पाचव्या वर्षी भिंतीला धरून चालायला लागला तेव्हा त्याच्या मायनं गूळ वाटला. आज त्याला ‘आई’ म्हणता येतं, ‘पानी’ म्हणता येतं आणि मी घरात शिरलो की ‘भीम’ म्हणतो. ‘जयभीम’मधला ‘जय’ त्याला जमत नाही.

आता कबुलीची गोष्ट ऐका. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. लोकांच्या घरातले ताईत, गंडे-दोरे मी स्वतः तोडलेले आहेत. आणि हाच मी, पोराला घेऊन कोणाकोणाच्या पायऱ्या चढलो! त्याच्या दंडात ताईत बांधला आणि वरून फुल बाहीचा शर्ट घातला, वस्तीला दिसू नये म्हणून. घरी बाहेरगावचे वक्ते जेवायला आले की त्याला मागच्या खोलीत ठेवून कडी लावायचो. तो आतून दारावर थाप मारायचा आणि मी पाहुण्यांना समजावून सांगायचो की बौद्ध धम्मात समता म्हणजे काय.

२००८ सालची बुद्धपौर्णिमा. याच सभागृहात वंदना चालू होती. त्याला गर्दी पाहून आनंद झाला असावा, मोठमोठ्यानं ओरडायला लागला. एक-दोघांनी मागे वळून पाहिलं. मी उठलो, त्याला धरून बाहेर नेलं आणि ओट्यावर बसवून, आपण पाण्याच्या टाकीला बांधायचो ती दोरी होती ना, तीच त्याच्या कमरेला बांधून खांबाला अडकवली. आत येऊन पुन्हा हात जोडून बसलो. वंदना संपल्यावर एक आजी, आता ती नाही, काठी टेकत माझ्यापाशी आली. म्हणाली, “भाऊ, त्याले काहून बाहीर नेलं? आपल्यालेबी असंच बाहीर ठेवत होते ना.”

बंधू-भगिनींनो, मी फार ग्रंथ वाचले, पण त्या निरक्षर बाईनं मला जो धम्म शिकवला तो कोणत्या पानावर सापडला नव्हता. मी बाहेर गेलो, दोरी सोडली. त्यानं माझ्याकडं पाहून हसून ‘भीम’ म्हटलं. त्या रात्री मी दंडातला ताईत तोडला.

लोक काय म्हणतात? ‘मागच्या जन्मीचं पाप.’ असं म्हणणारे दुसऱ्या धर्माचेच आहेत असं समजू नका. आपल्या घरातही हे बोललं जातं, हळू आवाजात. सून आली आणि असं लेकरू झालं की तिच्या नशिबाला बोल लागतो. अरे, पण विचार करा. आपल्या आज्या-पणज्यांना काय सांगितलं होतं? तुम्ही मागच्या जन्मी पाप केलं म्हणून अस्पृश्य जन्मला, आता निमूट भोगा. ज्या सिद्धांतानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तोच सिद्धांत आपण आपल्याच लेकराच्या गळ्यात बांधतो? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा हा विचार मुळातून तपासून नाकारला आहे. असा विचार पसरला की गरिबाच्या हालाला समाज जबाबदार राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. अपंग लेकराचंही तसंच आहे. पाप म्हटलं की शेजारी सुटला, सरकार सुटलं, बापही सुटला.

कारण पाप नाही, कारण वेगळंच आहे. बाळ जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला तर मेंदूला इजा होते. नवजात बाळाची कावीळ वाढली आणि वेळेवर उपचार झाला नाही तर इजा होते. लहानपणी मेंदूज्वर झाला तर होते. आईच्या आहारात आयोडीन कमी असेल तर पोटातल्या बाळाची वाढ खुंटते. डाऊन सिंड्रोममध्ये गुणसूत्र एक जास्तीचं असतं, एकविसावं दोनाच्या जागी तीन. त्यात ना मायचा दोष, ना बापाचा. काही गोष्टी टाळता येतात. गरोदर बाईची वेळेवर तपासणी, दवाखान्यात बाळंतपण, बाळ पिवळं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. काही टाळता येत नाहीत. जे टाळता येतं ते टाळा, जे टाळता येत नाही ते सांभाळा. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे आणखी वेगळं काय? कारण असेल तर परिणाम होतो. कारण शोधा, शिव्याशाप नको.

आता तथागतांनी काय केलं ते पाहू. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. स्वतःच्याच घाणीत तो पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन विहारात फिरत असताना त्यांनी त्याला पाहिलं. विचारलं, तुझी सेवा कोणी करत नाही काय? तो म्हणाला, नाही. का नाही? तर म्हणे, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. हा शब्द ध्यानात ठेवा, उपयोगाचा नाही! मग भगवंतांनी काय केलं? उपदेश नाही केला. आनंदाला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, एकानं डोक्याकडून आणि एकानं पायाकडून धरून त्याला उचलून खाटेवर निजवलं. त्यानंतर संघाला बोलावून समज दिली, की इथं तुमची माय नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची सेवा करावी, असं सांगितलं. आधी हात भरले आणि मग बोलले. आपण आधी बोलतो, आणि हात कोरडेच राहतात.

दुसरी गोष्ट चूळपंथकाची. बालमित्रांनो, ही तुमच्यासाठी. चूळपंथक नावाचा एक भिक्खू होता. त्याला एक गाथा चार महिन्यांत पाठ होईना. नवं पाठ केलं की जुनं विसरायचा. त्याचा थोरला भाऊ महापंथक हुशार होता. त्यानं ठरवलं, हा काही कामाचा नाही, आणि त्याला विहारातून जायला सांगितलं. जीवक वैद्याच्या घरच्या भोजनाच्या निमंत्रणातूनही त्याला वगळलं. सख्ख्या भावानं! तो रडत दाराशी आला, तिथं भगवान बुद्ध भेटले. त्यांनी त्याला हाकललं नाही आणि ‘पाठ कर’ असंही म्हटलं नाही. एक स्वच्छ पांढरं कापड हातात दिलं आणि ते चोळत बस, मळ जाण्याचा विचार कर, असं सांगितलं. चोळता चोळता ते कापड मळलं, आणि अनित्यता म्हणजे काय हे त्याला त्या कापडातून कळलं. तो अर्हत झाला. शिकवणाऱ्यानं शिकवायची रीत बदलली, एवढाच फरक. आज विशेष शिक्षक हेच करतात. ज्याला अक्षर कळत नाही त्याला चित्र दाखवतात, ज्याला चित्र कळत नाही त्याच्या हाताला वस्तू देतात. माझ्या पोराला भाकरीचं पीठ मळता येतं, ते एका बाईनं रोज एक याप्रमाणे सहा महिने शिकवलं. मी बाप असून मला हे सुचलं नव्हतं.

मंडळी, आपण ज्या भागात राहतो त्या भागाला ही सेवा नवी नाही. आपल्याच अचलपूर तालुक्यात वझ्झर आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरांचं बालगृह उभं केलं. १२३ लेकरांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. कोणी कचऱ्यात टाकलेलं, कोणी रेल्वे स्टेशनवर सोडलेलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पास झाली. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेलं लेकरू होतं ते. आता सांगा, कोण उपयोगाचं आणि कोण बिनउपयोगाचं, हे पाळण्यात ठरवणारे आपण कोण?

शंकरबाबा गाडगेबाबांच्या विचारांचे. आणि गाडगेबाबा आपल्याला परके नाहीत. आपल्या जिल्ह्याचा तो माणूस. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. १९५६ साली ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडं येताना वलगावजवळ गाडगेबाबांनी प्राण सोडला. आपण अमरावतीला जाताना त्याच रस्त्यानं जातो. मी एसटीत असलो की तिथं मनातल्या मनात हात जोडतो.

नाव झालेल्या ठिकाणी लोक जातात, जायलाच पाहिजे. पण ज्यांचं नाव पेपरात येत नाही अशीही घरं आहेत. आपलं मंडळ गेली काही वर्षं अशाच एका लहान निवासी घराला मदत करतं. चालवणाऱ्या ताईंनी ‘नाव छापू नका, आम्हाले गर्दी नको, माणसं पायजे’ असं सांगितलं, म्हणून नाव घेत नाही. तिथं मी आणि मंडळाची पोरं पहिल्यांदा गेलो तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं आहे.

१४ एप्रिलचा दिवस होता. आम्ही केळी, बिस्किटं, लाडू आणि जुन्या कपड्यांचे दोन गठ्ठे घेऊन गेलो. पोरांनी फोटो काढले. एकानं उत्साहात खाटेवर आडव्या असलेल्या लेकराच्या तोंडात लाडूचा तुकडा घातला. क्षणात त्याला ठसका लागला, डोळे पांढरे व्हायला लागले. सांभाळणारी बाई धावत आली, त्याला पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या, तुकडा बाहेर पडला. आमच्या पोरांचे चेहरे उतरले. ती बाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, “भाऊ, देता ते चांगलंच हाये. पन इचारून देत जा.” मग तिनं दाखवलं. अशा लेकराला आधी ताठ बसवावं लागतं, मान जरा पुढं, अन्न मऊ करून, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. एका लेकराला भरवायला पाऊण तास लागतो. घाई केली तर अन्न श्वासाच्या नळीत जातं आणि जीवावर बेततं. अशी लेकरं किती, आणि भरवणारे हात किती, हिशेब तुम्हीच करा.

जुन्या कपड्यांचे गठ्ठे तिथं आधीच एका खोलीत छतापर्यंत रचलेले होते. फाटकी पँट, चेन तुटलेली, बटणं गेलेली. ज्या लेकराचे हातपाय आखडलेले आहेत त्याला चेनची पँट चढवून पाहा, मग कळेल. त्यांना लागते इलॅस्टिकची पँट आणि समोरून उघडणारा सदरा. आणि सणाच्या दिवशी तर गंमतच. १५ ऑगस्टला एकाच दिवशी तीन मंडळं जेवण घेऊन येतात, लेकरांची पोटं बिघडतात आणि पुढच्या मंगळवारी तेल संपलेलं असतं. ताईंनी आम्हाला जे लागतं ते एका कागदावर लिहून दिलं. त्यात लाडू नव्हते. त्यात होतं : फिट्सच्या गोळ्या, मोठ्या मापाचे डायपर, चादरी, फिनाईल, साबण, व्हीलचेअरचं चाक, आणि रात्रपाळीच्या सेविकेचा पगार.

फिट्सची गोळी एक दिवस चुकली तरी चालत नाही, हे मला घरच्या अनुभवानं माहीत आहे. गिरणी थांबली त्या वर्षी एकदा माझ्याकडं गोळीला पैसे नव्हते. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे पोराला अशी फिट आली की जीभ दातात सापडली. त्या घरात तर अशी कितीतरी लेकरं. तेव्हा जयंतीला एक दिवस लाडू वाटण्यापेक्षा वर्षाचे बाराही महिने गोळ्या पोचवणं हे खरं दान. गिरणीत काम केलेल्यांना सांगायला नको, धागा तुटला म्हणून बॉबिन कोणी फेकत नाही. जोडतो. पण जोडणारा माणूस साच्याजवळ रोज उभा पाहिजे, वर्षातून एकदा येऊन भागत नाही.

काही तरुण मला विचारतात, “काका, बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवलं, भीक नाही. मग हे दान-धर्म कशाला? सरकारनं करावं.” प्रश्न बरोबर आहे. मी त्याला टाळत नाही. सरकारनं करायलाच पाहिजे. संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यात मदत मिळण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. १९९५ साली अपंगांसाठी कायदा झाला, त्यात ७ प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा आला, त्यात २१ प्रकार आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या लेकराला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. चारचौघांत अपंग माणसाचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याला अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा माहीत आहे, हा माहीत नाही! १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. याच कायद्याखाली १८ वर्षांपुढच्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेनं आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्यापैकी किती जणांनी जाऊन विचारलं की ते पाच टक्के कुठं गेले?

नावं बदलली. आधी ‘येडं’ म्हणत, मग ‘मतिमंद’, आता ‘दिव्यांग’. चांगलं आहे. पण नाव बदलून वागणूक बदलत नाही, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्यालाही एक गोड नाव देऊन पाहिलं होतं.

तर माझं उत्तर असं. हक्क मागायचाच, मोर्चा काढायचाच. पण मोर्चा निघेपर्यंत त्या लेकराला आज संध्याकाळी कोण भरवणार? बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितला. विसावा हिस्सा म्हणजे पाच टक्केच. नगरपालिकेला तिचे पाच टक्के विचारायचे असतील, तर आधी आपले पाच टक्के आपण दिलेले पाहिजेत. एका हातानं हक्क मागा आणि दुसऱ्या हातानं घास भरवा. दोन हात आहेत ना आपल्याला? ज्या लेकराला एकही चालवता येत नाही, त्याच्यासाठी तरी आपले दोन्ही चालवा.

देतानाही डोळे उघडे ठेवून द्या. अशा घरांच्या नावाखाली दुकान मांडणारेही असतात. नोंदणी आहे काय, ते कागद पाहायला मागा. पैसे दिले की पावती घ्या. कधी न सांगता, जेवणाच्या वेळेला जा. लेकरांच्या अंगाला वास येतो काय, पाठीवर जखमा आहेत काय, सेविका किती आहेत, ते पाहा. चांगला चालवणारा माणूस तुमच्या प्रश्नानं रागावत नाही. आणि फोटो छापू नका, मोबाईलवर टाकू नका. बालगृहातल्या लेकराची ओळख जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या गरिबीचा फोटो कोणी काढला असता तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आणखी एक. घर म्हणजे लेकरू टाकून मोकळं व्हायची जागा नव्हे. ज्याला माय-बाप आहेत त्यानं होता होईल तो आपल्या घरीच वाढावं, शाळेत जावं, विहारात यावं. पण ज्याला कोणीच नाही, किंवा माय-बाप म्हातारे झाले, त्याच्यासाठी अशी घरं पाहिजेतच. आणि इथंच कायद्याची मोठी अडचण आहे. बालगृह अठरा वर्षांपर्यंत. अठरा वर्षं आणि एक दिवस झाला की तो कायद्यानं बालक नाही. पण ज्याची बुद्धी चार वर्षांच्या लेकराची आहे तो कुठं जाणार? शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं हीच मागणी करत आले, की अशा बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही आयुष्यभर त्याच घरी राहू द्या. ही मागणी आपलीही असली पाहिजे.

मंडळी, माझं वय आता छप्पन. माझ्या मंडळींना गुडघ्यांचा त्रास आहे, पोराला उचलून न्हाणीत न्यायला तिला जमत नाही. रात्री दोघं जागे असतो आणि दोघांनाही माहीत असतं की दुसरा कशाचा विचार करतो आहे. आमच्यामागं याचं कोण? मोठा मुलगा चांगला आहे, पण त्याचा संसार आहे, मी त्याच्यावर ओझं लादणार नाही. म्हणून मी हे सगळं दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बोलतो आहे असं समजू नका. माझा स्वार्थ आहे त्यात. उद्या माझं पोरगं अशा एखाद्या घरात असेल, आणि त्याच्या तोंडात घास घालणारा माणूस घाई करणारा असेल की थांबणारा असेल, हे आज आपण काय करतो त्यावर ठरणार आहे.

म्हणून समितीपुढं मी चार गोष्टी ठेवतो.

एक, आपल्या वस्तीत साठ घरं आहेत. प्रत्येक घरानं महिन्याला पन्नास रुपये दिले तर महिन्याला तीन हजार आणि वर्षाला छत्तीस हजार होतात. जयंतीच्या डीजेचा आवाज एक रात्र कमी केला तर घरटी पन्नास रुपये जड नाहीत. ते पैसे रोख न देता त्या घराच्या कागदावर जे लिहिलं आहे ते घेऊन द्यायचे, बिल विहाराच्या फळ्यावर लावायचं.

दोन, दर रविवारी दोघा-दोघांनी पाळी लावून तिथं जायचं. गिरणीत तीन पाळ्या करणारे आपण, महिन्यातून एक पाळी जड नाही. भाषण द्यायला जायचं नाही. भरवायला, चादरी धुवायला, व्हीलचेअर दुरुस्त करायला जायचं. वेल्डिंगवाले, शिंपी, नर्सताई, सगळे आपल्यात आहेत.

तीन, आपल्या वस्तीत कोणाच्या घरी असं लेकरू लपवलेलं असेल, तर महिला मंडळानं जाऊन त्या मायला भेटायचं. प्रमाणपत्र, ओळखपत्र, निरामय विमा, निराधार योजनेचा अर्ज, ही कागदपत्रं मी स्वतः भरून देईन. मला आता वेळच वेळ आहे.

चार, आणि ही सगळ्यात सोपी. वंदनेच्या वेळी कोणतं लेकरू ओरडलं तर त्याला बाहेर न्यायचं नाही. त्याचा आवाज ही त्याची वंदना आहे असं समजायचं. पुढच्या रांगेत एक चटई अशा लेकरांसाठी आणि त्यांच्या मायांसाठी राखून ठेवायची.

आज मी माझ्या पोराला घेऊन आलो आहे. तिथं खांबाजवळ त्याच्या मायशेजारी बसला आहे. मघाशी भंतेजी त्रिशरण देत होते तेव्हा दोनदा ओरडला, तुम्ही ऐकलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. ती आजी आज असती तर तिला बरं वाटलं असतं.

 

भवतु सब्ब मंगलं!
जयभीम! नमो बुद्धाय!